समुपदेशन कुणी केले, कुणाचे केले?

साप्ताहिक स्तंभ : लिहिताना

उन्हाळा उतरू लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एक शब्द जिकडेतिकडे दिसू लागतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पदस्थापना ‘समुपदेशनाने’ होतात, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजनही ‘समुपदेशनाने’च होते. बारावी झालेली मुले नीटच्या ‘काउन्सिलिंग’साठी कागदपत्रांची फाइल घेऊन धावपळ करतात. त्याच सुमारास पेरणी तोंडावर येते, पीक कर्जासाठी बँकेत हेलपाटे सुरू होतात. आणि मारेगाव, झरी जामणी किंवा पांढरकवड्याकडून एखाद्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आलीच, तर तिच्या शेवटी पुष्कळदा एक वाक्य असते : कुटुंबीयांचे समुपदेशन करण्यात आले.

शाळा निवडायची, कॉलेज निवडायचे आणि घरचा कर्ता माणूस गेलेल्या बाईला सावरायचे, या तिन्ही कामांना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत. पहिल्या दोन ठिकाणी प्रत्यक्षात काय घडते? रिक्त जागांची यादी समोर येते, सेवाज्येष्ठतेने किंवा गुणवत्तेने क्रम लागतो आणि ज्याचा क्रम येईल तो जागा निवडतो. ही पद्धत चांगली आहे, वशिलेबाजीला त्यात वाव कमी राहतो. पण ती जागानिवड आहे. प्रवेशफेरी, पसंतीक्रम, जागानिवड हे शब्द लोकांच्या तोंडी आहेतच. ते सोडून समुपदेशन लिहिण्याची गरज नाही.

इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना आणखी एक घोटाळा होतो. ‘काउन्सिलिंग’ हे रूप इतके रुळले आहे की ते चुकीचे आहे हे लक्षातही येत नाही. काउन्सिल म्हणजे परिषद, आणि काउन्सिलर म्हणजे नगरसेवक. धीर देणारा, ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस तो काउन्सेलर, आणि त्याचे काम काउन्सेलिंग. एका वेलांटी-मात्रेचा फरक आहे, पण शाळेच्या फलकावर ‘काउन्सिलर’ असे रंगवून घेण्याआधी तो पाहायला हवा. मराठीत समुपदेशक लिहिले तर हा प्रश्नच उरत नाही.

अर्थात मराठी शब्दाचीही एक अडचण आहे. त्याच्या पोटातच ‘उपदेश’ बसला आहे. त्यामुळे समुपदेशन म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणे, असा समज सहज होतो. पोलिसांच्या पथकाने बसस्थानकावर टवाळखोर पोरांना दरडावले, तरी बातमीत ‘समुपदेशन केले’ असे येते. त्याला मराठीत ‘समज दिली’ म्हणतात. नवऱ्याची मारझोड सोसून ठाण्यात आलेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला समोरासमोर बसवले, ‘लेकरांकडे पाहा’ असे सांगून दोघांना घरी पाठवले, की मथळा होतो : समुपदेशनाने तुटणारा संसार जुळला. हा समेट झाला. तो कधी योग्य असेल, कधी बाईच्या जिवावर बेतणाराही असेल. निदान तो समेट आहे एवढे तरी वाचणाऱ्याला कळू द्यावे.

हा फरक महाराष्ट्रात नीट कळलेली माणसे आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयातच आधार मिळण्याची देशातली ही सुरुवातीची सोय. तिथे समुपदेशनाचा पहिला प्रश्न बाईच्या सुरक्षिततेचा असतो, आणि संसाराचे काय करायचे हे ती ठरवते. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही समुपदेशकांची तरतूद आहे. ‘विवाह समुपदेशक’ हे तिथले पद आहे, त्याला कामाची चौकट आहे. पथकाने दरडावणे त्या चौकटीत कुठेच बसत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनावरचे आपले गाजलेले पुस्तक लिहिले. त्यातला गाभा असा, की समोरच्याला काय करावे ते सांगत सुटू नये; त्याचे ऐकावे, त्याला स्वतःची वाट सापडेल असे वातावरण द्यावे. म्हणजे उपदेशाच्या बरोबर उलट. मराठीत शब्द आता रूढ झाला आहे, तो बदला असा आग्रह या स्तंभाचा नाही. पण तो लिहिताना त्याचे खरे काम डोळ्यांपुढे असावे.

ते काम कसे असते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. सरकारी रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असते. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी तिथला समुपदेशक माणसाशी बोलतो, तपासणी कशासाठी हे सांगतो, संमती घेतो. अहवाल आल्यावर पुन्हा बोलतो. दार बंद असते, बोललेले बाहेर जात नाही; २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गुप्तता बंधनकारकच केली आहे. कोण बोलणार, कधी, किती वेळा, कशाबद्दल, हे सगळे ठरलेले. या केंद्राच्या पाटीवर समुपदेशन हा शब्द शोभतो.

नैराश्याच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन न लागण्याचा, झोपेचा, जेवण न जाण्याचा त्रास झाला का, थकवा येतो का, आपण घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही असे वाटते का. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराचा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज जास्तीत जास्त २७. आपल्याकडचा माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘टेन्शन आहे’ म्हणतो, ‘जीव लागत नाही’ म्हणतो, ‘डोकं जड झालं’ म्हणतो. विचारणारी बाई गावातली असेल, तर तिला हे शब्द लगेच कळतात.

म्हणूनच २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागाने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत नैराश्यातल्या शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तेव्हा घरोघरी जाण्याचे काम आशाताईंकडे दिले, आणि फोनसाठी १०४ हा क्रमांक ठेवला. यवतमाळ त्या जिल्ह्यांत होता. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले, गरज पडेल तिथे डॉक्टरांची जोड दिली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतर ते २७.२ टक्के झाले, आणि ‘लॅन्सेट सायकियाट्री’ने २०१७ साली हा अभ्यास छापला. समुपदेशन गावापर्यंत नेले की माणसे मदत घेतात, याचा हा विदर्भातलाच पुरावा. म्हणूनच तो शब्द वाटेल तिथे वापरला की राग येतो.

आता ते बातमीतले वाक्य पुन्हा पाहू. ‘कुटुंबीयांचे समुपदेशन करण्यात आले.’ कुणी केले? तलाठ्याने, तहसीलदारांनी, लोकप्रतिनिधींनी की प्रशिक्षित समुपदेशकाने? कितीदा? पुन्हा कोण येणार आहे? ‘करण्यात आले’ या रचनेत करणारा दिसतच नाही, आणि करणारा दिसला नाही की काम झाले की नाही हे तपासताही येत नाही. अधिकारी घरी येऊन बसले, चार शब्द बोलले, तर ‘तहसीलदारांनी कुटुंबाची भेट घेऊन सांत्वन केले’ असे लिहावे. सांत्वन हा मोठा, मानाचा शब्द आहे, त्यात कमीपणा काही नाही. १९ डिसेंबर २००५च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाच्या मदतीचे प्रकरण पुढे गेले, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, तर ते मदत म्हणून लिहावे. आणि खरोखर समुपदेशक आला असेल तर, ‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकाने कुटुंबातील महिलेशी स्वतंत्रपणे संवाद साधला; पुढील भेट पंधरा दिवसांनी आहे’ एवढे पुरे. ती काय बोलली ते छापू नये. तिचे नावही नको.

‘कुटुंबाचे समुपदेशन केले’ म्हणताना त्या बाईला आपण नुसते ऐकणारी करून ठेवतो, हेही खटकते. याच जिल्ह्यात जानेवारी २०१९मध्ये ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर उभे करणाऱ्या, ‘तेरवं’ नाटकातून रंगमंचावर आलेल्या. इथल्या बायकांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. समुपदेशनात मुख्य बोलणारी तीच असायला हवी, आणि वाक्य लिहितानाही ‘तिचे समुपदेशन केले’पेक्षा ‘तिच्याशी बोलणे झाले’ हे जास्त खरे.

वणीच्या वाचकाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पत्ता आणि वेळ. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, वणीकरांना त्यापेक्षा चंद्रपूर जवळ. झरी जामणीच्या आतल्या गावातून यवतमाळला जायचे म्हणजे मजुरीचा अख्खा दिवस बुडाला. तेव्हा ‘तज्ज्ञांकडून समुपदेशन घ्यावे’ असे लिहून थांबणे पुरेसे नाही. मानसोपचाराची ओपीडी जवळच्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, किती वाजता असते, हे लेखाच्या आत, ठळक द्यावे. खाली बारीक टाइपात नको. १० ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हा क्रमांक आकड्यांतच छापावा, आणि मोबाइलवरून थेट लावता येतो हेही सांगावे.