सुई कुणाची, खूण कुणाची

भीमजयंतीला माझा भाचा इस्लापूरला आला होता. शिबिरात रक्त देऊन घरी आला आणि मोबाईल पुढे करत म्हणाला, "मावशी, दिवाळीत आम्ही मित्र थायलंडला चाललोय. बँकॉकात पोटरीवर बुद्ध गोंदवून घेणार." त्याच्या मनात श्रद्धाच होती, तरी मी नाही म्हटलं.

तिकडे पाय हा शरीराचा सगळ्यांत हलका भाग मानतात. बुद्धमूर्ती शोभेसाठी वापरू नका, गोंदवू नका, असे फलकच बँकॉकात लावले आहेत. दंडावर कमळातला बुद्ध गोंदवलेल्या एका ब्रिटिश बाईला २०१४ साली श्रीलंकेत कोलंबो विमानतळावर अडवून माघारी पाठवलं. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मिळवून दिली, पण मधली साडेतीन वर्षं गेलीच. आपला बुद्ध आणि त्यांचा बुद्ध एकच. त्याला कुठं ठेवायचं, याची रीत मात्र त्यांच्या घरी गेल्यावर त्यांचीच पाळावी.

हे दोन्हीकडून लागू व्हावं, पाहुण्याच्या खुणेचाही मान राखला जावा, असं मला पोटतिडकीने वाटतं. २०१३ साली जपानच्या होक्काइदोत हनुवटीवर परंपरेचं गोंदण असलेल्या माओरी बाईला गरम पाण्याच्या स्नानगृहात शिरू दिलं नाही. ते वाचलं आणि मला माझी आजी आठवली. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर विंचू. मेल्यावर सोबत गोंदणच येतं, असं ती म्हणायची.

आता सुईचं. मी रोज रक्ताचे नमुने तपासते, म्हणून हे मला सोडवत नाही. एका जत्रेत गोंदणाऱ्यासमोर उभी राहून मी सात हात मोजले. सुई तीच, बाटलीच्या झाकणातली शाई तीच, रक्त पुसायचं फडकंही तेच. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला तेवढी वाट पुरते. बँकॉकातलं दुकान चकचकीत असलं तरी आपण डोळ्यांनी बघायचंच: सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं का, हातमोजे नवे घातले का, शाई नव्या वाटीत ओतली का. दारू पिऊन बसायचं नाही. जखम भरेपर्यंत समुद्रात उतरायचं नाही. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. दिवाळीला जायचं तर सुरुवात आत्ताच हवी. सीला लसच नाही.

एवढं ऐकूनही भाचा हसत होता. मग मी सांगितलं, गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, पुढच्या १४ एप्रिलला शिबिरात तुझा नंबर नसेल. तेव्हा तो गप्प झाला. अठराव्या वर्षापासून त्याने एकही शिबिर चुकवलेलं नाही.

सोमवारी त्याने पहिला डोस घेतला. काल फोन आला, "मावशी, पोटरी सोडली. दंडावर चालेल?"

"ते मला नको विचारूस," मी म्हटलं. "तिथल्या विहारात जा, भन्तेजींना विचार."