कोंबडी केवढ्याची, मसाला केवढ्याचा?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण स्वयंपाकघरातली असली तरी तिचा हिशेब बाजाराचा आहे. विजेवर चालणाऱ्या वेगवान मोटारींच्या किमती पाहताना तिची आठवण हटकून होते. या गाड्यांच्या जाहिरातींत हल्ली यंत्रापेक्षा आतल्या बैठकीचेच वर्णन अधिक असते: मोठाले पडदे, रंगीत दिवे, काचेचे छत, नाट्यगृहासारखा आवाज. या थाटासाठी जे जादा पैसे मोजावे लागतात, ते रास्त आहेत काय? कोणी म्हणेल, 'हौसेला मोल नाही'. कोणी म्हणेल, 'निव्वळ उधळपट्टी.' वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र आधी आकडे मांडावेत व मग मत द्यावे.

उदाहरणादाखल पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्र कंपनीची 'बीई ६' घेऊ. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत ती लोकांपुढे आली. तिचा अंतर्भाग लढाऊ विमानाच्या चालककक्षासारखा केलेला आहे. चालकाभोवती कडे, समोर १२.३ इंचांचे दोन पडदे, आणि दार ओढायला दांड्याऐवजी कापडी पट्टा! २०२५ च्या आरंभीच्या किंमतपत्रकाप्रमाणे ५९ किलोवॅट-तासाची बॅटरी असलेली सर्वांत साधी गाडी १८ लाख ९० हजारांची होती. तीच बॅटरी आणि तीच मोटर असलेली वरच्या श्रेणीची गाडी २४ लाख ५० हजारांची. धावण्याची ताकद दोघींची सारखीच. फरक ५ लाख ६० हजारांचा.

आता म्हणीप्रमाणे आण्यांत हिशेब करू. महागड्या गाडीच्या प्रत्येक रुपयात सव्वाबारा आणे कोंबडी आणि पावणेचार आणे मसाला पडतो. म्हणजे म्हण जशीच्या तशी लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. शिवाय हा सारा फरक गाद्या-पडद्यांचाच नाही. त्यात १६ स्पीकर व काचेचे छत आहे, तशीच रडारच्या मदतीने चालकाला साहाय्य करणारी साधनेही आहेत. तरीही पावणेचार आणे म्हणजे थोडे नव्हेत.

ही वेळ का आली? पूर्वी वेग महाग होता. पेट्रोलच्या इंजिनातून ताकद काढायची तर सिलिंडर वाढवा, टर्बो बसवा, गिअरबॉक्स मजबूत करा, असा खर्चच खर्च. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. ७९ किलोवॅट-तासाची बीई ६ ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. टाटांची चार चाकांना जोर देणारी हॅरिअर ईव्हीही त्याच तोडीची आहे. जी वस्तू दुर्मिळ नाही तिला जादा भाव मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. वेग सर्वांकडेच आला, तेव्हा विक्रेत्याने जादा भावाची जागा यंत्रातून काढून बैठकीत नेली.

अंतर्भागाच्या बाजूनेही एक बिनतोड मुद्दा आहे. तिगावहून पांढुर्णा-सावनेरमार्गे नागपूर शंभरएक किलोमीटर. संत्र्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर ओलांडत जाताना ते ६.७ सेकंद वापरायचे कोठे? आसनावर मात्र जाता-येता तासन्‌तास बसावेच लागते. या दृष्टीने वेगापेक्षा आसनाचे मोल अधिकच म्हणावे लागेल. पाठीला आधार देणारे आसन, मे महिन्याच्या ४५ अंशांत लवकर गारवा देणारे वातानुकूलन, आत येणारा कमी आवाज, रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडणारे बटन, यांना पैसे मोजणे मुळीच गैर नाही. पण त्याच उन्हात डोक्यावर काचेचे छत हे सुख की शिक्षा? आणि साधा पंखा कमी करायला पडद्यावर बोट शोधत फिरवावे लागत असेल तर त्याला सुधारणा कशी म्हणावी? युरोपात मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा कामांसाठी खरी बटने असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे.

दुसरा मुद्दा घसाऱ्याचा. आयकराच्या हिशेबात साध्या मोटारीवर १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा धरण्याची पद्धत आपण शिकतो. याचा अर्थ उघड आहे: संगणक लवकर जुना होतो. गाडीच्या अंतर्भागातला पडदा हा संगणकच आहे. आसन दहा वर्षांनीही आसनच राहील. पडदा तोवर जुन्या मोबाईलसारखा दिसू लागेल.

यावर कोणी म्हणेल, लोक घेतात, म्हणजे किंमत योग्यच असणार. ऑगस्ट २०२५ मध्ये याच गाडीची 'बॅटमॅन' आवृत्ती निघाली. यंत्र तेच, काळा रंग, वटवाघळाची चिन्हे आणि आत सोनेरी छटा. किंमत २७ लाख ७९ हजार, म्हणजे तशाच नेहमीच्या गाडीहून ८९ हजारांनी जास्त. ९९९ गाड्यांची नोंदणी १३५ सेकंदांत संपली! यावरून किंमत मिळू शकते एवढेच सिद्ध होते. भाव आणि मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यात सर्वांचा संबंध येतो तो कराचा. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर अवघा ५ टक्के. पेट्रोलच्या मोठ्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ही सवलत धूर कमी व्हावा म्हणून आहे. धूर बॅटरी व मोटरीमुळे कमी होतो. सोनेरी छटेने तो तसूभरही कमी होत नाही. मग मसाल्यालाही सवलत कशासाठी? ठराविक किमतीच्या वर ती असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा निष्कर्ष असा: शरीराला रोज उपयोगी पडणाऱ्या अंतर्भागाला जादा किंमत द्यावी, डोळ्यांना चार दिवस सुखावणाऱ्याला देऊ नये. तो ५ लाख ६० हजारांचा फरक नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जावर काढला, तर दरमहा सुमारे ११,६०० रुपये भरावे लागतील आणि अखेरीस जवळजवळ सात लाख होतील. ज्याला परवडते त्याने खुशाल हौस करावी. पण वहीत ती 'हौस' याच खात्यावर लिहावी, 'गरज' म्हणून नव्हे. संत्र्याचा बहर एका वर्षी साधला म्हणून पाच वर्षांचा हप्ता बांधून घेणाऱ्याने तर शोरूमच्या दिव्यांखाली सही करण्यापूर्वी साध्या श्रेणीच्या गाडीतही दहा मिनिटे बसून पाहावे. कोंबडी तीच आहे.