डेकर की थापाड्या?

शनिवारी मेसचं जेवण उरकलं की आमच्या विंगमध्ये 'शॅडोरन' रंगतो. माहीत नसलेल्यांसाठी : हा कॉम्प्युटरवरचा गेम नव्हे. कागद, पेन्सिल, मूठभर फासे आणि टेबलाभोवती बसून रचलेली गोष्ट. १९८९ पासून चालू आहे. त्यात एक 'डेकर' असतो, म्हणजे हॅकर. त्याने फासे टाकायचे, ५ किंवा ६ पडला की एक हिट. पुरेसे हिट्स मिळाले की कंपनीचा सर्व्हर खिशात!

कॉम्प्सवाल्यांना हे अजिबात पटत नाही. "पोर्ट स्कॅन कुठाय? असा सर्व्हर पडतो का कधी?" बरोबर आहे त्यांचं. पण माझी तक्रार वेगळी आहे.

मी मीरा रोडचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्याकडच्या कॉल सेंटर्सवर धाडी घातल्या तेव्हा मी शाळेत होतो. सातशेहून जास्त जणांची चौकशी झाली, सुमारे ७० जणांना अटक. रात्री अमेरिकेत फोन लावायचा, 'टॅक्स खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल' असा दम द्यायचा आणि गिफ्ट कार्डचे नंबर काढून घ्यायचे. सर्व्हर फोडला? नाही. पासवर्ड तोडला? तोही नाही. हेडफोन, लिहून दिलेली स्क्रिप्ट आणि इंग्लिशचा अ‍ॅक्सेंट, बस्स. आमच्यासारखी कॉन्व्हेंटची पोरं या कामाला फिट बसतात, हे लिहिताना बरं वाटत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत २०१८ साली मालवेअर खराखुरा होता, ९४ कोटी गेले. पण तिथेही क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसंच एटीएमसमोर उभी राहिली, २८ देशांत, शिवाय आपल्या कोल्हापुरातही.

शॅडोरनमध्ये 'कॉन' नावाचं स्किल आहे, म्हणजे थापा मारणं. ते आम्ही उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात मारतो. डेकर व्हायला मात्र मारामारी! गेल्या सेमला विंगमधल्या एकाने फोनवर ओटीपी सांगितला, फीचे पैसे गेले. कॉम्प्सचा असून फसलो म्हणून आठवडाभर गप्प बसला बिचारा. तोवर बँकेला कळवायची वेळ टळून गेली.

म्हणून मागच्या शनिवारी नवा नियम केला : पासवर्ड हवा तर फासे नाहीत, तोंडाने मागायचा. मेकॅनिकलच्या एकाने लिफ्ट दुरुस्तीवाला बनून चार मिनिटांत रिसेप्शनिस्टकडून काढला.

रिसेप्शनिस्ट मी होतो.