बैठकीतला पाहुणा

महाराष्ट्रातील पुष्कळ ख्रिस्ती घरांत बैठकीच्या भिंतीवर एक पाटी आढळते. प्रभू ख्रिस्त या घरचा नित्याचा पाहुणा आहे, अशा आशयाचा मजकूर तीवर असतो. पाटी झाडूनपुसून ठेवलेली असते. नाताळात तिच्याभोवती झिरमिळ्याही लागतात. परंतु पाहुण्याला बैठकीत मानाने बसवायचे आणि आतल्या खोलीचे दार ओढून घ्यायचे, ही आपली रीत देवाच्या बाबतीतही सुटलेली नाही. रविवारची उपासना, लग्नातली प्रार्थना, सणाचा फराळ, येथवर त्याला मोकळीक. कचेरीतील फाइल, दुकानातील तराजू, सुनेशी बोलण्याचा स्वर, सोयरीक जुळवताना हळूच विचारली जाणारी पूर्वीची जात, येथे मात्र त्याने डोकावू नये, अशी आपली मूक अपेक्षा असते.

ही अपेक्षा ज्या स्त्रीने आयुष्यभर खोटी ठरवली, तिचे कार्यक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना लोहमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या; १९००च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळपीडितांचीही त्यांत भर पडली. या मुलींना नुसता उपदेश करून भागणार नव्हते. त्यांना आधी अन्न हवे होते, औषध हवे होते, आणि पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ हवे होते. म्हणून केडगावात शाळेइतकेच शेताला, मागाला, गोठ्याला, शिवणकामाला आणि छापखान्याला महत्त्व आले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण सुरू केले. तेथे प्रार्थनेची घंटा होत असे, तशीच कामाचीही होत असे. आणि दोन्ही एकाच मालकाच्या नावाने होत.

रमाबाईंचे याहून विलक्षण कार्य म्हणजे त्यांचे बायबलचे भाषांतर. त्या काळच्या प्रचलित मराठी भाषांतराची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. ही तक्रार कोणी अडाणी माणसाने केली नव्हती. जिला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या, जिच्या मुखी लहानपणापासून संस्कृत खेळत होते, त्या विदुषीने ती केली होती. शेतात खुरपणाऱ्या, जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र आणावे, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे भाषांतर चालवले. छपाईचे काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. ज्यांना अक्षरही ठाऊक नसे, अशा मुलींमधूनच खिळे जुळवणारे हात तयार झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयत्नाचा अर्थ आपण नीट ध्यानी घेतला पाहिजे. देवाला रोजच्या जीवनात आणावयाचे, तर आधी त्याला रोजच्या भाषेत आणावे लागते. प्रार्थनेसाठी एक भाषा आणि व्यवहारासाठी दुसरी, असे झाले की अंतःकरणाचेही दोन कप्पे होतात. पहिल्या कप्प्यातला माणूस क्षमेवर सुंदर बोलतो; दुसऱ्यातला सख्ख्या भावाशी बांधावरून वर्षानुवर्षे कोर्टात भांडतो.

घोडनदीकाठच्या शिरूरचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन मराठी मिशनने तेथे ठाणे केले, तेव्हा चर्च आणि शाळा यांच्या जोडीला औद्योगिक शिक्षणही आले. मुलांच्या हाती रंधा आणि करवत आली. ज्याचा गुरू नाझरेथचा सुतार, त्याला रंध्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आज रांजणगावच्या कारखान्यात पाळीने राबणारा कामगार किंवा दौंडला रेल्वेच्या नोकरीतला इंजिनचालक याला प्रत्येक रविवार मोकळा मिळतोच असे नाही. देव केवळ उपासनामंदिरातच भेटत असेल, तर या माणसांनी कोठे जावे? सिग्नलकडे जागरूकपणे पाहणारी नजर ही शेकडो प्रवाशांच्या जिवाची राखण आहे. तिला उपासनेहून हलकी मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर एक आक्षेप येतो. काम हीच पूजा म्हटले की प्रार्थनेला रजा मिळते आणि धर्म केवळ सदाचरणाचे नियम होऊन बसतो. आक्षेप खरा आहे. आळशी माणसाला ही सबब सोयीची असते. पण केडगावात तसे घडले नाही. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची जी मोठी जागृती झाली, तिची वार्ता दूरदेशी पोहोचली. तरीही दळण, विणकाम, छपाई चालूच राहिली. प्रार्थनेने कामाला दिशा दिली आणि कामाने प्रार्थनेची परीक्षा घेतली.

ही परीक्षा कशी असते, ते लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाच्या कथेत दिसते. यरीहो नगरातला हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि जक्कयाच्या तोंडून प्रथम हिशेब निघाला: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत. पाहुणा घरात आल्याची खूण भिंतीवर उमटली नाही, ती खतावणीत उमटली. कचेरीत बसणाऱ्या, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या, दाखल्यावर शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाने ही कथा स्वतःच्या मेजाशी ताडून पाहावी.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. सावता माळ्याचा मळा, गोरोबांचे चाक, जनाबाईचे जाते ही आपली तीर्थेच आहेत. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, ते उगाच नव्हे. तेव्हा भिंतीवरची पाटी राहू द्यावी. पण येत्या सोमवारी कचेरीत जाण्यापूर्वी तिच्याकडे एकदा पाहावे आणि आतले दार उघडावे. आत पसारा असेल; पण बैठकीत ताटकळलेल्या पाहुण्याला तो ठाऊकच आहे.