कॅट छोटा हवा, पोकळ नको

गाडी दोन इंच उंच झाली, टायर मोठे बसले, पुढे विंच आली, की ऑफ-रोडवाल्याची नजर गाडीच्या पोटाखाली जाते. तिथे चेसिस, ट्रान्स्फर केस आणि पुढचा शाफ्ट यांच्या बेचक्यात पत्र्याचा एक फुगीर खोका लटकत असतो. गाडी दगडावर टेकली की घासण्याची पाळी बहुधा त्याच्यावर येते. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅट’ म्हणतात आणि त्यावरचा सर्वांत स्वस्त सल्लाही तिथेच मिळतो: “कापून टाकू साहेब, सरळ पाइप मारतो, गाडी मोकळी होईल.” दुसरा सल्ला जरा सभ्य असतो, बाजारातून छोटा कॅट आणून बसवण्याचा. पहिला सल्ला सरळसरळ बेकायदा आहे. दुसरा योग्य ठरू शकतो. पण छोटा म्हणजे नेमके काय छोटे, हे न विचारता पैसे मोजले तर दोन्हींत फरक फक्त बिलाचा उरतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही काही सरकारी बाबूंच्या डोक्यातून निघालेली कटकट नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ झालेल्या युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५०च्या दशकात अमेरिकेत त्यावर काम केले. तेव्हाच्या पेट्रोलमधले शिसे आतल्या रसायनाला निकामी करी, म्हणून कन्व्हर्टर सरसकट रस्त्यावर यायला १९७५ची मॉडेले उजाडावी लागली. भारतात १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले.

खोक्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची एक वीट असते. एका चौरस इंचात चारशे छिद्रे हे नेहमीचे माप, सहाशे-नऊशेचीही मिळतात. भिंतींवर अतिशय पातळ लेप असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे कण. पहिले दोन मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन निकालात काढतात, नायट्रोजन ऑक्साइडचा समाचार ऱ्होडियम घेते. एक लिटर आकाराच्या चारशे छिद्रांच्या विटेत भिंतींचा पृष्ठभाग अडीच चौरस मीटरहून अधिक भरतो. लेपाच्या आतला, डोळ्यांना न दिसणारा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी पट.

आता जिम्नीसारखे दीड लिटरचे इंजिन घ्या. मिनिटाला ३,००० फेऱ्या आणि पूर्ण ॲक्सिलरेटर असेल तर ते मिनिटाला ढोबळमानाने दोन हजार लिटर हवा ओढते. जळून, तापून बाहेर पडताना तिचे आकारमान तिपटीच्या घरात गेलेले असते. म्हणजे सेकंदाला शंभर लिटर वायू. वीट एक लिटरची असेल, तर प्रत्येक लिटर वायूला आत मिळतो सेकंदाचा शंभरावा भाग. वीट अर्धी केली की हा वेळही अर्धा. त्या वेळात काम पुरे व्हायचे, तर छिद्रे अधिक बारीक हवीत, धातू अधिक हवा किंवा तापमान लवकर चढायला हवे. बाजारात ‘स्पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या कॅटमध्ये बहुधा उलटेच केलेले असते. चौरस इंचाला शंभर-दोनशे छिद्रे, म्हणजे वाट मोकळी आणि काम कमी.

इथे ताकदीचा मुद्दा हमखास निघतो. सरळ पाइपने गाडी ‘पळते’ म्हणतात. रेसिंग ट्रॅकवर, वरच्या आरपीएमला, तो फरक मोजता येईलही. पण ऑफ-रोडिंग म्हणजे फोर-लोमध्ये, पहिल्या गिअरला, माणूस चालतो त्या वेगाने चिखल चढणे. एवढ्या वेगात धुराचा प्रवाहच इतका नसतो की चांगला कॅट त्याला अडवेल. चढावर दम तुटत असेल तर दोष गिअरिंगमध्ये, टायरच्या हवेत किंवा चालवणाऱ्याच्या उजव्या पायात शोधावा.

छोटा कॅट घ्यायचाच, तर धातूच्या पत्र्याचे पोळे असलेला घ्यावा, असे ठामपणे म्हणता येते. नेहमीच्या सिरॅमिक विटेपेक्षा त्याच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे तेवढ्याच छिद्रांत धुराला वाट जास्त मिळते आणि खोका आखूड करता येतो. धक्के, हादरे तो जास्त सोसतो. किंमत अर्थातच चढी असते आणि इंजिन बंद झाले की तो लवकर थंडही होतो. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. कॅट साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे कामाला लागतो. खडकांत अर्धा तास थांबून रस्ता शोधणाऱ्या गाडीचा कॅट दर वेळी नव्याने तापवावा लागतो. म्हणून तो इंजिनच्या जितका जवळ, तितका बरा.

पण फार जवळही नको. खडकांत गाडी ताशी पाच किलोमीटरने चालते, खालून वारा लागत नाही, इंजिनवर मात्र भार राहतोच. त्यात एखादा प्लग मिसफायर झाला, तर न जळलेले पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळू लागते. त्याआधीच, हजार अंशांच्या आसपास, धातूचे कण एकमेकांना चिकटून निकामी होतात. वीट दिसायला धडधाकट, कामाला शून्य. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा कॅट अनेकदा घरी पोहोचण्याआधीच संपलेला असतो.

बाहेरच्या पत्र्याची उष्णताही हिशेबात धरायला हवी. मूळ गाडीत कॅटभोवती हीटशील्ड असते. बाजारातला छोटा कॅट बऱ्याचदा उघडाच वेल्ड करून मिळतो. शेजारी इंधनाची नळी, ब्रेकचा पाइप, वायरिंग. खाली स्किड प्लेट, आणि तिच्यावर अडकलेला सुका पाला. ताडोबासारख्या जंगलात एप्रिल-मेमध्ये वाळक्या गवतावर तापलेली गाडी उभी करणे म्हणजे वणव्याला आमंत्रण, आणि तशा गवतावर गाडी उभी करू नका ही सूचना गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेली असते. हीटशील्डला जागा उरत नसेल, तर तो कॅट त्या गाडीसाठी छोटा नव्हे, चुकीचा आहे.

पाण्याचे वेगळे. गोव्यात २०१४पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या स्पर्धा होतात. सह्याद्रीतले हौशी लोक तर जूनचा पहिला ओढा भरण्याचीच वाट पाहतात. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे तापलेला कॅट पूर्ण बुडणारच. गार पाणी लागले की वीट फुटते, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. चांगली सिरॅमिक वीट उष्णतेने फारशी फुगत किंवा आक्रसत नाही, त्यासाठीच ती निवडलेली असते. आक्रसतो तो बाहेरचा पत्रा. कच्च्या वेल्डला चीर जाते, पाणी विटेभोवतीच्या आवरणात शिरते, त्याची पकड ढिली होते आणि मग वीट खुळखुळ्यासारखी वाजत स्वतःच तुटते. म्हणून छोट्या कॅटमध्ये विटेइतकीच वेल्डची सफाई पाहावी. गाडी थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकून ऐकले की वीट सुटली आहे का ते कळते. ऑक्सिजन सेन्सर काढून टॉर्च मारला आणि उजेड एकसारखा आला नाही, तर आत काहीतरी बसलेले आहे, नाहीतर वितळलेले.

हे सगळे पेट्रोल गाड्यांपुरते. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन जास्त असतो, त्यात पेट्रोलचा कॅट नायट्रोजन ऑक्साइड हटवू शकत नाही. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळी पकडणारा फिल्टर तर स्वतःला जाळून साफ करायला सहाशे अंशांच्या घरात तापतो आणि त्याचा सारा हिशेब गाडीचा संगणक ठेवतो. तिथे बाहेरचा छोटा खोका हा विषयच काढू नये. जुन्या कार्ब्युरेटरच्या जीपला आधुनिक कॅट लावूनही पुरा फायदा नाही. हवा-इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळणारा ऑक्सिजन सेन्सर आणि संगणक नसेल, तर निम्मी कामे होतच नाहीत.

मग स्वस्त कॅट स्वस्त का असतो? उत्तर धातूंच्या भावात आहे. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव औंसाला २०,००० डॉलरच्या पुढे गेला होता. त्याच सुमारास गुजरातेत आणि आपल्याकडे ईको व्हॅनचे सायलेन्सर रातोरात चोरीला जाऊ लागले. चोरांना सायलेन्सर नको होता, आतली माती हवी होती. चोराला जे कळते ते ग्राहकाला कळू नये, हे नवल. कुर्ल्यात किंवा नाना पेठेत चार-पाच हजारांत ‘फर्स्ट क्लास’ कॅट मिळत असेल, तर त्यात ऱ्होडियम किती असेल, याचा अंदाज बांधायला रसायनशास्त्र लागत नाही.

आणि असा कॅट पीयूसीत पासही होतो. पेट्रोल गाडीची चाचणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहते, नव्या गाड्यांत लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाणही. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाही. म्हणजे ज्या धातूत कपात करून दुकानदार पैसे वाचवतो, त्याचीच परीक्षा आपली यंत्रणा घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली प्रदूषणाचे मानक मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सची अपात्रता आहे. पण गाडीखाली वाकून कॅट जागेवर आहे का, एवढे पाहणारा माणूस पीयूसी केंद्रावर दिसणे दुर्मिळ.

कॅलिफोर्नियात बदली कॅटच्या पत्र्यावरच सरकारी मंजुरीचा क्रमांक कोरलेला असतो, तो कोणत्या गाडीला चालतो हे ग्राहकाला स्वतः तपासता येते आणि पाच वर्षे किंवा ५० हजार मैलांची हमी मिळते. पुण्यात वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६पासून उभी आहे. मंजूर बदली कॅटची गाडीनिहाय यादी मराठीत लोकांपुढे ठेवणे तिच्यासारख्या संस्थेला आणि परिवहन खात्याला अवघड नाही. ते होईपर्यंत वॉरंटीतल्या बीएस-६ गाडीचा कॅट बदलूच नये. दगड लागत असतील तर चांगली स्किड प्लेट बसवावी, ती स्वस्त पडते. जुन्या जिप्सीचा कॅट खरोखर गेला असेल, तर इंजिनचा आकार, छिद्रांची संख्या, धातूंचे प्रमाण आणि हमी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. तो लिहून देत नसेल, तर पैसे परत खिशात घालावेत आणि दुसरे दुकान गाठावे.