अप-डाऊनची मोटारसायकल आणि आपली अभिरुची

मराठी साहित्यव्यवहारात प्रवासाला प्रतिष्ठा आहे, ये-जा करण्याला नाही. हिमालयात जाऊन आलेल्या माणसाने पुस्तक लिहिले की त्याचे परीक्षण छापून येते. मंचरहून घोडेगावला रोज जाऊन येणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखे काही असेल, असे आपल्या मनातही येत नाही. या नित्याच्या जाण्यायेण्याला आपण धड मराठी शब्दही दिलेला नाही. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत शिक्षक, ग्रामसेवक, पतसंस्थेतले कारकून, आरोग्यसेविका, चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुले हे सगळे ‘अप-डाऊन’ करतात. शब्द रेल्वेच्या वेळापत्रकातला. आणि या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही.

रेल्वे नाही, एसटी आहे पण कामाच्या वेळेला नाही, म्हणून मोटारसायकल. तीही स्वस्तातली, शंभर सीसीची. माझे म्हणणे असे की, रोजच्या नोकरीसाठी अशी गाडी निवडणे हा आपल्या भागातला एक अत्यंत गंभीर मूल्यविवेक आहे, आणि वाङ्मयीन अभिरुची बाळगणाऱ्या आपल्या वर्गाने त्याकडे आजवर नाक मुरडून पाहिले आहे. त्यात वाङ्मयाचे नुकसान झाले ते झालेच. पण ज्यांनी वेळेवर बस आणि पुरेसे वेतन द्यायचे होते, ते आपल्या या नाक मुरडण्याच्या आडोशाला सुखाने बसले आहेत, ही गोष्ट अधिक वाईट आहे.

या वृत्तीचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. शिक्षकाने गावाला कसे जावे याचा आपला आदर्श व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) ठरवून टाकला आहे. त्यातला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीला पायी जातो आणि तिथेच राहतो. कादंबरी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या वापराबद्दल. २०२२ साली शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि तरी घरभाडे भत्ता घेतात, असा गदारोळ राज्यभर उठला, तेव्हा हा मास्तर फिर्यादी पक्षाचा साक्षीदार म्हणून उभा केलेला मी एकाहून अधिक व्याख्यानांत ऐकला. तो पायी गेला, तुम्ही मोटारसायकलवर येता आणि साडेपाचला निघून जाता! या युक्तिवादात दोन गोष्टी सोयीने वगळल्या जातात. एक, तो मास्तर एकटा आणि तरुण आहे. त्याची बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला नाही, की त्याला मुलांच्या शाळेची फी भरायची नाही. आणि दुसरी, कादंबरीच्या अखेरीस दुष्काळाने वाडीच उठून जाते. मुख्यालयच उरत नाही.

पायी चालण्याच्या खालोखाल आपल्याला एसटी प्रिय. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी धावली तेव्हापासून एसटीने महाराष्ट्राला जोडले, हे खरेच आहे आणि त्याचे ऋण मानावे तेवढे थोडे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘म्हैस’मध्ये रस्त्यात अडकून पडलेली एसटी हे एक अख्खे गाव होते. अडकलेल्या गाडीत वेळ जातो, हीच तिथे गंमत आहे. सकाळी आठच्या तासाला ज्याला वर्गात उभे राहायचे आहे, त्याला ती गंमत परवडत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली. पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. संपकऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या की नव्हत्या हा इथला विषय नाही. पण तोवर ज्यांनी गाडी घेण्याचे टाळले होते, त्यांतल्या माझ्या परिचयातल्या कितीतरी जणांनी त्या काही महिन्यांत हप्त्यावर मोटारसायकल घेतली, आणि बस पुन्हा सुरू झाल्यावर ते बसकडे परतले नाहीत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. निर्णय चांगला, फक्त न येणाऱ्या बसचे अर्धे तिकीटही पूर्ण निरुपयोगी असते.

मोटारसायकल आपल्या वाचनात अजिबात नाही असे मात्र कुणी म्हणू नये. आहे, पण ती पाचशे सीसीची आहे. चे गेव्हारा १९५२ साली नॉर्टनवर बसून दक्षिण अमेरिका पाहायला निघाला, हे इंग्रजीच्याच नव्हे तर मराठीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. रॉबर्ट पर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) अनेकांच्या कपाटात असते, काहींनी वाचलेलेही असते. त्यात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यू गाडीचे हँडल सैल होऊन सरकते. निवेदक सुचवतो की बीअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी मध्ये घातली की काम होईल. मित्राला ते अपमानास्पद वाटते. एवढ्या उंची गाडीला डब्याचा पत्रा! हा प्रसंग वाचून आपण यंत्र, विवेक आणि पाश्चात्त्य द्वैतवाद यांवर टिपणे काढतो. मंचरच्या बाजारात गाड्या दुरुस्त करणाऱ्या कुणालाही तो वाचून दाखवा. वादाचा मुद्दा काय आहे, हेच त्याला कळायचे नाही. पट्टी घालायची असते. यात तत्त्वज्ञान कुठून आले?

आता निवडीकडे वळू. हा खरा विषय. जाहिरात पाहून आणि मित्रांना विचारून लोक गाडी घेतात, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात काय चालते ते ऐकावे. चाक तारांचे घ्यावे की अलॉयचे? अलॉय दिसायला चांगले, पण खड्ड्यात कड दबली तर गावात ते सरळ होत नाही. तारांचे चाक कोपऱ्यावरचा माणूस तारा ताणून ठीक करून देतो. सीट लांब हवी, कारण जाताना एकटा असला तरी येताना माणूस क्वचितच एकटा येतो. साडीगार्ड मजबूत हवे. ते कायद्याने लावावे लागते, पण पातळ सळईचे की जाड, हे हाताने दाबून पाहणारी बाई मी शोरूममध्ये पाहिली आहे. मागे दुधाच्या किटल्या अडकवायच्या असतील तर साखळी आणि मागचे शॉकॲबसॉर्बर यांचा विचार वेगळा. किक हवीच.

२०२० पर्यंतच्या गाड्यांचा प्रश्न तर स्वतंत्र प्रकरणाचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. धूर कमी झाला, गाडी थंडीत लवकर सुरू होऊ लागली. पण कार्बोरेटर खोलून फुंकर मारून बसवणारा गावचा मिस्त्री तिथे हतबल झाला, आणि बॅटरी पूर्ण उतरली तर अशी गाडी पुष्कळदा किक मारूनही सुरू होत नाही. डिंभे धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून आहुपेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर पावसात, ही बाब शैलीची राहत नाही. (ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका आहे ते गावच या धरणाखाली गेले, जवळची गावे लांब झाली. अप-डाऊनचा इतिहास कुणी लिहिलाच तर तो तिथून सुरू करावा लागेल.) म्हणून आश्रमशाळेतला एखादा शिक्षक पाच आकडी पगारातही जुनी, कार्बोरेटरची गाडी शोधतो. त्याला मागासलेला म्हणणारा माणूस त्या रस्त्याने गेलेला नसतो.

आणि दिवा. जुन्या शंभर सीसी गाड्यांचा पुढचा दिवा थेट इंजिनच्या फिरण्यावर चाले. गती कमी केली की उजेड मंद. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नरमध्ये ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला; जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे ते काही हौसेने उभारलेले नाही. संध्याकाळी उसामधल्या रस्त्यावर गतिरोधकापाशी गाडी हळू करावी, तर नेमका त्याच क्षणी दिवा मिणमिणता होई. ज्याने हे अनुभवले आहे तो नवी गाडी घेताना प्रथम विचारतो, दिवा बॅटरीवर आहे का. माणूस काय निवडतो आणि का, याचे इतके काटेकोर विवेचन मला बऱ्याच पुस्तक-परीक्षणांत आढळलेले नाही.

ग्राहकाची ही बुद्धी उद्योगालाही एकदा नीट कळली नव्हती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि शंभर सीसीचे राज्य पक्के झाले. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये ठरवले की शंभर सीसीतून आता बाहेर पडावे, ग्राहकाला वरच्या पायरीवर न्यावे. एक्ससीडी १२५ ही गाडी त्यासाठी आली. ग्राहक पायरी चढला नाही. २००९ मध्ये कंपनी शंभर सीसीची डिस्कव्हर घेऊन परत आली, आणि एक्ससीडी विस्मरणात गेली. समीक्षकांनी या प्रसंगाचा अभ्यास करावा. वाचकाची अभिरुची उंचावण्याच्या आपल्या मोहिमांचे जे होते त्याच्याशी त्याचे साम्य आहे. फरक इतकाच की कंपनीने दोन वर्षांत ऐकले.

ऐकायचे काय होते? हिशेब. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस. म्हणजे ९६० किलोमीटर. लिटरला ६० पडले तर १६ लिटर पेट्रोल, ४८ पडले तर २० लिटर, आणि साडेतीनशे सीसीची दणदणीत गाडी घेऊन ३२ पडले तर ३०. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या सगळ्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचे स्वागत झाले. पण करव्यवस्थेच्या लेखी पोटासाठी घेतलेली शंभर सीसी आणि हौसेसाठी घेतलेली साडेतीनशे एकाच रांगेत आहेत. साहित्याच्या लेखी तर दुसरीच तेवढी आहे.

ज्या प्राध्यापकाला तासिका तत्त्वावर नेमले आहे त्याने हा हिशेब कोणत्या वेतनातून करायचा? त्याला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीचे मिळत नाहीत. पेट्रोलपंपावर मात्र तासिका तत्त्व चालत नाही. कर्ज देणारा पगाराची पावती मागतो, ती नसते. म्हणून गाडी वडिलांच्या नावावर, दुधाच्या नाहीतर कांद्याच्या पैशांतून येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कडाडले तेव्हा नारायणगावच्या बाजारात ज्यांच्या घरी चार पैसे आले, त्यांतल्या काहींच्या मुलांची पीएच.डी.पर्यंतची ये-जा त्यावर सुटली असेल. उच्च शिक्षणाला शेतीचे अनुदान म्हणतात ते हे. आपण ‘परवडणारी गाडी’ असे म्हणतो तेव्हा तिने कुणाला परवडवले, हे विचारत नाही. तिने संस्थेला परवडवले, एसटीला परवडवले, शासनाला परवडवले.

मोटारसायकलने गाव बिघडले, पोरे उंडारू लागली, अपघात वाढले, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की अपघाताची गोष्ट खरी आहे आणि ती गंभीर आहे. पुणे-नाशिक महामार्गावरून रोज दुचाकीवर जाणाऱ्याच्या घरी संध्याकाळचे साडेसहा वाजले की काय वाटते, ते विचारून पाहावे. हेल्मेट घालावेच. पण अपघाताची भीती खरी मानायची तर मग सकाळी सातची बस मागावी लागेल. पोरांना बोल लावणे त्यापेक्षा स्वस्त पडते, इतकेच.

माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या मराठीच्या शिक्षकाचा पहिला तास आठचा आहे आणि दुसरा सव्वाअकराचा. मधल्या वेळेत तो घरी जाऊन आला तर पेट्रोल दुप्पट लागते, म्हणून तो आवारातल्या झाडाखाली गाडी उभी करून तिच्यावरच बसतो आणि ग्रामीण साहित्याच्या पेपरची टिपणे काढतो. हे दोन तास लागोपाठ लावायला शासननिर्णय लागत नाही. विभागप्रमुखाची पेन्सिल आणि खोडरबर पुरते. ज्यांच्या हातात ती पेन्सिल आहे, असे पुष्कळ जण हे वाचत असतील. आणि ज्यांना लेखनच करायचे आहे त्यांनी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावा: घोडेगावच्या रस्त्याला सकाळी सात ते आठ उभे राहून गाड्या मोजाव्यात, आणि दर दहाव्या माणसाला थांबवून विचारावे की हीच का घेतली. त्याला उशीर होत असेल तर पत्ता घेऊन रविवारी घरी जावे.