वयाच्या अटीत अडकलेला तिसरा डोस

माझ्या थोरल्या वहिनीला लिम्फोमा. नांदेडहून तपोवन एक्स्प्रेस धरून मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार. तिला रिटुक्सिमॅब मिळत होतं. हे औषध रक्तातल्या बी पेशी संपवतं, आणि प्रतिपिंडं तयार होतात ती त्याच पेशींतून. मग कोविडची लस घेऊनही महिनोन् महिने प्रतिपिंडं येत नाहीत. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकांना येतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या मानानं कमी जणांना. ब्रिटनच्या ‘कॅप्चर’ अभ्यासात हा फरक ठळक दिसला.

1 मार्च 2021 पासून सरकारनं पंचेचाळिशीपुढच्या कॅन्सर रुग्णांना लस दिली, ते चांगलंच केलं. पण ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना जादा डोस द्या म्हटलं, तरी आपल्याकडे 10 जानेवारी 2022 ला तो खुला झाला आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढच्या आजारी लोकांना. बावन्न वर्षांच्या वहिनीला 10 एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, तेही खासगी केंद्रात पैसे मोजून. हा अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणतो.

पुढच्या साथीत रांग आधारवरच्या जन्मतारखेनं लावू नका, फाईलमधल्या औषधानं लावा. नांदेड-लातूरच्या सरकारी रुग्णालयांनी अशा रुग्णांची यादी आत्तापासूनच करावी. आणि घरच्यांनी आधी लस घ्यावी. वहिनीच्या वाटची प्रतिपिंडं निदान आमच्या अंगात तरी हवीत.